फ्यूज कोणाच्या खिशात

दानिशला काय झालंय हे घरात कुणालाच माहीत नव्हतं, पण त्यावरचे उपाय मात्र सगळ्यांकडे तयार होते. अम्मीनं ताईत आणून दंडाला बांधला. समोरचा किराणावाला म्हणाला, पोराचा मोबाईल काढून घ्या. मामू म्हणाले, नवा घेऊन द्या, खूश होईल. सोळा वर्षांचं पोरगं तीन महिने कॉलेजात जात नाही, ताटातलं अर्धं टाकून उठतं आणि काहीही विचारलं तरी "काही नाही" म्हणतं, म्हटल्यावर जो तो हकीम होणारच. शेवटी अब्बा, म्हणजे इस्माईलभाई, त्याला अकोल्याच्या डॉक्टरकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी त्याच्याशी तासभर बोलून घेतलं, म्हणजे तेच बोलले, आणि सांगितलं, याला दहा दिवस रानात पाठवा.

"रानात?" इस्माईलभाईंनी दोनदा विचारलं. कारंजा लाडला त्यांच्या तीन पिढ्या गाद्या-रजया भरण्यात गेलेल्या. रान म्हणजे कापूस येतो ती जागा, यापलीकडे त्यांचा रानाशी संबंध नव्हता. "तिथं दवा कोन देते, डॉक्टरसाब?"

"रान हीच दवा," डॉक्टर म्हणाले. इस्माईलभाईंना क्षणभर डॉक्टरचीच तब्येत बरी नसावी असं वाटलं. पण डॉक्टरांनी एक छापील कागद पुढं केला. त्यावर शिबिराचा पत्ता आणि पौर्णिमा नावाच्या बाईंचा नंबर होता. छापून आलेल्या गोष्टीला इस्माईलभाई सहसा नाही म्हणत नसत.

मोहल्ल्यात मात्र हे सांगायचं कसं? पोराच्या डोक्यावर उपाय चाललाय म्हटलं की उद्या त्याला पोरगी कोण देणार, इथपासून अम्मीची, म्हणजे कुलसुमची, काळजी सुरू झाली. मग ठरलं की दानिश शेलूबाजारला खालाकडे, म्हणजे मावशीकडे, गेलाय. खालाला फोन करून तसं पढवण्यात आलं. "पन काहून?" खालानं विचारलं. "तू फक्त हो म्हन," कुलसुम म्हणाली. बहीण गुणाची, ती हो म्हणाली.

दानिश हे सगळं ऐकत होता. आपल्याला काय झालंय हे निदान त्याला तरी ठाऊक असेल, असं कुणालाही वाटेल. त्याला एक गोष्ट पक्की ठाऊक होती. तिच्यापुढं मात्र सगळा गोंधळ होता.

ती गोष्ट नोव्हेंबरातली. थंडीच्या तोंडावर रजयांचं काम अंगावर येतं, दुकानात पाय ठेवायला जागा नसते. मागच्या खोलीत कापूस पिंजायची मशीन आहे. एका बाजूनं जुना, दबलेला कापूस घालायचा, आत दातेरी रूळ फिरतो, दुसऱ्या बाजूनं फुललेला कापूस बाहेर पडतो. रुळात कापूस अडकला की हात घालून काढावा लागतो. त्यासाठी दादाजानच्या, म्हणजे आजोबांच्या, काळापासून दुकानात एकच कायदा होता. नुसतं बटन बंद करून भागायचं नाही. भिंतीवरच्या पेटीतला फ्यूज उपसायचा आणि स्वतःच्या खिशात टाकायचा. ज्याचा हात मशीनीत, त्याच्याच खिशात फ्यूज. इस्माईलभाई तर हात घालण्याआधी खिसा दोनदा थोपटून बघत.

त्या दुपारी लाईट गेली होती. दानिशचा मोठा भाऊ इमरान मशीनीवर होता. चोवीस वर्षांचा गडी, अख्खं दुकान त्याच्याच जिवावर. रुळात गठ्ठा अडकला होता. लाईटच नाही तर फ्यूज कायले काढा, असं म्हणून त्यानं नुसतं बटन बंद केलं आणि मागच्या बाजूनं हात घातला. तेवढ्यात दानिश कॉलेजातून आला, कानात इयरफोन, डोळे मोबाईलमध्ये. खोलीतला बल्ब लागला. लाईट आली की मशीन चालू करायची ही त्याची लहानपणापासूनची सवय. त्यानं न बघता बटन दाबलं.

इमरानची उजव्या हाताची दोन बोटं गेली, करंगळी आणि तिच्या शेजारचं. ओरडायच्या आधी त्यानं मान वर केली होती आणि बटनावरचा दानिशचा हात पाहिला होता. नजरानजर झाली होती. याबद्दल दानिशला तिळमात्र शंका नव्हती.

आणि तरीही दवाखान्यात, हाताला हे एवढं बँडेज बांधलेला इमरान अब्बांना म्हणाला, "बटन चालूच राहून गेलं होतं अब्बा. माह्या ध्यानात नाही राह्यलं. लाईट आली अन् फिरली मशीन." दानिश खाटेच्या पायथ्याशी उभा होता. इमराननं एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि मग छताकडे पाहत राहिला. दानिशनं तोंड उघडलं नाही.

तेव्हापासून त्याच्या डोक्यात एकच किडा वळवळत होता: भाई खोटं का बोलला? माफ केलं म्हणून? की इतका राग आला की नाव घ्यायचीही इच्छा राहिली नाही? विचारावं, तर आधी कबूल करावं लागणार. कबूल करावं, तर भाई अब्बांसमोर खोटारडा ठरणार. इकडून धरा की तिकडून, सुटत नव्हतं. भाई रोज जेवायला नेमका त्याच्यासमोर बसायचा, तीन बोटांनी सावकाश घास करायचा आणि म्हणायचा, "दानिश, पानी दे." बस, एवढंच. दानिश पाणी द्यायचा आणि त्याची भूक मरायची.

शिबिर सोहोळच्या बाजूला, एका शेताच्या कडेला होतं. फेब्रुवारी संपत आला होता. रान म्हणजे झाडंच झाडं असं दानिशला वाटलं होतं. इथं बघतो तर नजर जाईल तिकडे कमरेएवढं वाळलेलं गवत, मधूनच बाभूळ, हिवर, बोरीची झुडपं आणि लांबवर लाल फुलांनी भरलेला एक पळस. गवताची कुसळं पँटीतून आत शिरायची आणि झोपेपर्यंत टोचत राहायची. यात दवा नेमकी कुठं आहे, हे त्याला कळेना.

एकूण पाच पोरं होती. सगळ्यांचे मोबाईल पहिल्याच दिवशी पत्र्याच्या पेटीत गेले. केनवडचा हरीओम घरी गेम खेळता खेळता जेवायचं विसरायचा म्हणून आला होता. तो पेटीच्या कुलपाकडे अशा नजरेनं बघायचा की पौर्णिमाताईंनी पेटी आपल्या तंबूत हलवली.

पौर्णिमाताई चांगल्या होत्या. इतक्या चांगल्या की त्यांच्यासमोर अवघडायला व्हायचं. सकाळ-संध्याकाळ सगळ्यांना गोल बसवायच्या आणि विचारायच्या, "आज मनात काय आहे?" हरीओम म्हणायचा, "पेटी." दानिश म्हणायचा, "काही नाही." मग त्या त्याला बाजूला घेऊन हळू आवाजात सांगायच्या, "जे झालं त्यात तुझी काहीही चूक नाही, दानिश. ते तुझ्या डोळ्यांसमोर झालं, म्हणून तुला त्रास होतोय. स्वतःला दोष देऊ नकोस."

दानिश मान हलवायचा. दुसरं करणार काय? ताईंकडचा कागद अब्बांनी भरला होता आणि अब्बांना भाईनं सांगितलं होतं. भाईचं खोटं आता कागदावर चढून रानापर्यंत पोचलं होतं. ताईंनी इतक्या प्रेमानं, इतक्या वेळा सांगितलं की चौथ्या दिवशी दानिशला स्वतःचीच शंका यायला लागली. बटन खरंच आधीपासून चालू असलं तर? आपण नुसता हात ठेवला असला तर? त्यानं बोटाकडे पाहिलं. बोटाला मात्र बटनाची टक् अजून आठवत होती.

शिबिरात अजून एक माणूस होता, अमरसिंग. जवळच्या तांड्यावरचे, साठीचे, सगळा जन्म गुरांमागे याच माळावर काढलेले. पाणी आणणं, चूल पेटवणं, पोरांना वाटा दाखवणं ही कामं त्यांची. पोरं त्यांना काका म्हणायची, दानिश चाचा म्हणायचा. मनात काय आहे हे ते कुणाला विचारत नसत. त्यांचं आपलं, "पानी पेलास का? टोपी घाल. तिकडं जाऊ नको, गोम हाय."

रोज सकाळी प्रत्येकानं आपापल्या ठरलेल्या जागी दोन तास एकट्यानं बसायचं, हा शिबिराचा मुख्य धडा. काही तोडायचं नाही, काही उचलायचं नाही, नुसतं बघायचं. सकाळी थंडी असायची म्हणून दानिश घरून आणलेली रजई पांघरून जायचा. रजई त्यांच्याच दुकानातली, इमराननं नोव्हेंबराच्या आधी भरलेली.

पाचव्या दिवशी तो जागेवर बसला आणि चार हातांवर गवतात त्याला पाडस दिसलं. काळविटाचं पाडस, मांजरापेक्षा जरासं मोठं, मातकट रंगाचं. पाय पोटाखाली दुमडलेले, मान जमिनीला टेकलेली. डोळे उघडे, पण अंग हलत नव्हतं. दानिश उठून जवळ गेला तरी ते पळालं नाही. नुसतं थरथरत होतं.

दानिशनं वाट पाहिली. तास झाला. आई कुठं दिसेना. लांब माळावर हरणांचा कळप चरत होता, पण तिकडून कुणी इकडं बघतसुद्धा नव्हतं. सोडून गेली याला, त्याला वाटलं. थंडीनं गारठलेल्याला कापसात गुंडाळायचं, एवढी एक विद्या त्याला जन्मापासून येत होती. त्यानं पाडसाला रजईत गुंडाळलं, छातीशी धरलं आणि झुडपांतून वाट काढत धापा टाकत शिबिरात आला.

मग काय विचारता! पोरं गोळा झाली. हरीओम पाच दिवसांत पहिल्यांदा पेटी विसरला आणि चहाचं दूध वाटीत घेऊन आला. पौर्णिमाताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "दानिश," त्या म्हणाल्या, "आज तू कुणाची तरी काळजी घेतलीस. किती मोठी गोष्ट आहे ही!" तीन महिन्यांत दानिशला पहिल्यांदाच आपण काहीतरी बरं केलं असं वाटत होतं. पाडसाचं काळीज रजईतून त्याच्या तळहाताला धडधड लागत होतं.

तेवढ्यात अमरसिंग पाण्याचे कॅन घेऊन आले. त्यांनी रजईत डोकावून पाहिलं आणि कॅन खाली आपटले.

"कोनं आनलं हे?"

"म्या," दानिश म्हणाला. "एकटंच पडलं होतं, चाचा. याची माय याले सोडून गेली."

"सोडून गेली? तुले सांगून गेली काय ती?" अमरसिंगांचा आवाज सगळ्या माळावर गेला. "अरे, तिनं लपवून ठेवलं होतं त्याले! ती दूर चरते, म्हंजे लांडग्याले पत्ता लागू नये. दिवसातून दोन-तीनदा येते, पाजते अन् जाते. हे हालत नाही, आवाज करत नाही, त्याच्यावरच तं जगते. अन् तू त्याले गठुड्यात बांधून आनलं! आता ती येईन अन् पोरगं जाग्यावर नसंन, तं काय करंन ती?"

"काका, त्याचा हेतू चांगला होता," पौर्णिमाताई मध्ये पडल्या. "त्याची चूक नाही."

"मंग कोनाची हाय? माही हाय का तुमची हाय? हेतू हरनीले सांगजा, ताई." अमरसिंग दानिशकडे वळले. "चूक तुहीच हाय, पोरा. काही उचलू नका म्हनून सांगतलं होतं का नाही? उचललं. आता उठ. जिथलं हाय तिथं नेऊन ठेव."

सगळ्यांना वाटलं, आता हे पोरगं रडणार. ताईंचा हात त्याच्या खांद्याकडे गेलासुद्धा. दानिश मात्र अमरसिंगांकडे बघतच राहिला. तुहीच चूक हाय. तीन महिन्यांत हे त्याला कुणी म्हटलं नव्हतं. घरातल्यांनी नाही, डॉक्टरांनी नाही, ताईंनी नाही. त्याला लाज वाटली, भीती वाटली, आणि या सगळ्यात, का कोण जाणे, बरं वाटलं. आपल्याला बरं का वाटतंय हे काही त्याला उमगेना. शिव्या खाऊन बरं वाटणारा माणूस वेडाच असला पाहिजे, आपल्या डोक्यावर उपाय चाललाय ते बरोबरच असेल, असंही त्याच्या मनात येऊन गेलं.

पाडस घेऊन दोघं निघाले. थोडं चालल्यावर दानिश थांबला. सगळीकडे सारखंच गवत, सारख्याच बोरी. त्याला जागा सापडेना.

"कुठून उचललं?"

"इथूनच कुठून तरी... नाही, तिकडून. चाचा, समजूनच नाही राह्यलं."

अमरसिंग वाट पाहत उभे राहिले. दानिश पुढं-मागं फिरला, घामाघूम झाला. माय परत आली असेल, रिकामं गवत हुंगून गेली असेल, या विचारानं तो एकेक झुडूप वाकून बघायला लागला. मग एका बोरीच्या काट्यावर त्याला कापसाचा पुंजका दिसला. पळताना रजई फाटली होती. पुढच्या बोरीवर अजून एक, त्याच्या पुढं अजून एक. भाईनं भरलेल्या कापसाच्या मागं मागं जात तो आपल्या जागेवर पोचला. दबलेलं गवत अजून तसंच होतं.

अमरसिंगांनी वाळलं गवत चुरून पाडसाच्या अंगावरून फिरवलं, हरणांच्या ताज्या लेंड्या चोळल्या आणि त्याला खाली ठेवलं. पाडसानं पुन्हा मान जमिनीला टेकवली. दोघं वाऱ्याच्या उलट्या बाजूला, लांब एका हिवराखाली जाऊन बसले.

"आता?" दानिशनं विचारलं.

"आता काय! बस. पाहत राह्य."

"किती वेळ?"

"ते तिले माहीत."

ऊन चढलं. अमरसिंगांनी फडक्यातली भाकर आणि मिरचीचा ठेचा काढला. दानिशनं दीड भाकर खाल्ली आणि मग आपण खाल्ली हे त्याच्या लक्षात आलं. कळप लांब सरकत होता. काळ्या पाठीचा, पिळदार शिंगांचा नर मध्येच मान ताठ करून उभा राही. दुपारी एक मादी कळपातून बाजूला झाली. इकडं आली, थांबली, नाक वर केलं आणि परत फिरली. दानिशनं श्वास रोखून धरला होता, तो सोडून दिला.

आणि मग तो बोलायला लागला. कुणी विचारलं नव्हतं. नजर गवतावर ठेवून त्यानं सगळं सांगितलं, लाईट गेल्यापासून भाईच्या दवाखान्यातल्या खोट्यापर्यंत. सांगताना मध्येच आवाज फाटला, पण तो थांबला नाही. शेवटी म्हणाला, "बटन म्या दाबलं होतं, चाचा. भाईनं मले पाह्यलं. तरी तो खोटं काहून बोलला, मले समजत नाही."

आता हा म्हातारा काहीतरी मोठं सांगेल असं त्याला वाटलं. अमरसिंगांनी ठेच्याचं फडकं झटकलं, नीट घडी घातली.

"मंग हे मले कायले सांगून राह्यला? मी तुहा भाऊ हाय काय?"

"त्याले कसं सांगू?"

"तोंडानं. हरनीले बोलता येत नाही म्हनून आपन इथं उन्हात बसलो. तुह्या भावाले तं येते ना?"

दिवस कलताना ती मादी, किंवा तिच्यासारखीच दुसरी, पुन्हा आली. या वेळी गवतात शिरली. तिची पाठ दिसेनाशी झाली, गवत हललं, मग हलायचं थांबलं. अमरसिंगांनी त्याला उठवलं. माणूस जितका लवकर जाईल तितकं बरं, ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी जागा रिकामी होती. गवत दबलेलं, पाडस नाही. दानिश गुडघ्यांवर बसून बघत राहिला. रक्त नव्हतं, केस नव्हते. "घेऊन गेली ना, चाचा?"

"गेली असंन. जागा बदलते ती."

"पक्कं?"

"पक्कं कसं सांगू? लांडग्यानंही उचललं असंन. तो इथं बसून थोडंच खाते."

"मंग मले कसं कळंन?"

"नाही कळत," अमरसिंग म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, दयाही नव्हती. "तुह्या हातात होतं तेवढं तू केलं. बाकी नाही कळत, बाप्पा."

दानिशला हे फार अन्यायाचं वाटलं. एवढं सगळं करून शेवटी कळणारच नाही? उरलेले चार दिवस तो रोज त्याच जागी बसला आणि प्रत्येक कळपात पाडसं शोधत राहिला. दिसली तीही सगळी सारखीच. मात्र एक गोष्ट त्याला पुन्हा पुन्हा छळायला लागली. हरणीला विचारता येत नाही हे खरं, पण भाई तर घरातच बसलाय. तिथं न कळण्याचं काय कारण होतं?

दहाव्या दिवशी अब्बा मोटरसायकलवर घ्यायला आले. पौर्णिमाताईंनी त्यांना सांगितलं की मुलगा खूप मोकळा झालाय. इस्माईलभाईंनी दानिशकडे खालून वर पाहिलं. काळवंडलाय, पँटीला कुसळं, पण घरून आणलेला डबा उघडला तेव्हा चारही पोळ्या खाल्ल्या. त्यांनी मनातल्या मनात डॉक्टरला माफ केलं.

"कोनी विचारलं तं खाला बरी हाय म्हन," रस्त्यात ते म्हणाले.

"खोटं कायले, अब्बा?"

"खोटं नाही रे बेटा. झाकनं हाय ते."

दानिश मागं बसून विचार करत राहिला. आपल्या घरात सगळेच एकमेकांना किती प्रेमानं झाकतात, आणि खाली जीव गुदमरतो, असं काहीतरी त्याला वाटत होतं, पण नीट शब्दांत येत नव्हतं. दुकानासमोर उतरल्याबरोबर किराणावाल्यानं विचारलंच, "काय बेटा, खाला बरी हाय ना?"

"मी खालाकडे नव्हतो गेलो, चाचा," दानिश म्हणाला. "रानात होतो. डॉक्टरनं पाठवलं होतं."

इस्माईलभाईंना जोरात खोकला आला. किराणावाला "अच्छा, अच्छा" करत आत गेला. एवढ्याशा खऱ्याला ही गत, तर आतल्या खऱ्याला काय होईल, हे दानिशला कळत नव्हतं. पण पाय चालतच होते.

मागच्या खोलीत इमरान एका गादीला दाभणानं टाके घालत होता, तीन बोटांत दाभण धरून. "आला काय," तो म्हणाला. "पानी दे जरा."

दानिशनं पाणी दिलं नाही. अब्बा दारात येऊन उभे राहीपर्यंत थांबला आणि म्हणाला, "अब्बा, बटन भाईनं चालू नव्हतं ठेवलं. मी दाबलं. पाह्यलं नाही, अन् दाबलं."

इमराननं दाभण गादीत खोचलं. उठला. समोर आला आणि उजव्या हातानं दानिशच्या मुस्काटात दिली. तीन बोटांची थप्पड, पण लागली पुरती. दानिशचा कान सुन्न झाला.

"तीन महिने!" इमरानचा आवाज घोगरा झाला होता. "मी एका दिवसापुरतं खोटं बोललो होतो, बे. अब्बा तिथंच तुले तुडवतीन म्हनून. मले वाटलं, सांज होयपर्यंत तू सोता सांगशीन. सांज झाली. दुसरा दिवस झाला. रोज तुह्यासमोर जेवाले बसलो, रोज म्हटलं, आज सांगते, आज सांगते. अन् तू नुसता पानी देऊन राह्यला!"

दानिश रडायला लागला. लहान पोरासारखा, नाक वाहेपर्यंत. "मले वाटलं तू माफ केलं. नाही तं लय राग आला असंन. मले समजूनच नाही राह्यलं, भाई."

"मले तरी कुठं समजून राह्यलं होतं," इमरान म्हणाला आणि तोंड फिरवून त्यानं बाहीनं डोळे पुसले.

इस्माईलभाई कापसाच्या गाठोड्यावर मटकन बसले होते. त्यांच्या डोक्यात पिंजाऱ्याचाच हिशेब चालू होता. "पन मंग फ्यूज?" त्यांनी विचारलं. "फ्यूज कोनाच्या खिशात होता?"

"कोनाच्याच नाही, अब्बा. म्या काढलाच नव्हता," इमरान म्हणाला. "ते माही चूक."

बाहेर किराणावाला गिऱ्हाइकाशी हुज्जत घालत होता. माफ झालं की नाही, हे दानिशला अजूनही नीट कळलं नव्हतं. विचारायला हवं होतं, पण गाल इतका चुरचुरत होता की आता लगेच विचारायची सोय नव्हती.

इमराननं मशीनीकडे पाहिलं. "सकायपासून अडकून हाय," तो म्हणाला. भिंतीजवळ गेला, पेटी उघडली आणि फ्यूज उपसला. हात सवयीनं स्वतःच्या खिशाकडे गेला, तिथं थांबला. मग त्यानं दानिशचा हात ओढला आणि फ्यूज त्याच्या तळव्यावर ठेवला.

"धर."

"इमरान!" अब्बा गाठोड्यावरून उठले. "कायदा काय हाय आपला?"

"राहू द्या, अब्बा," इमरान म्हणाला आणि उजवा हात रुळात घातला.

गठ्ठा घट्ट बसला होता. तो ओढून काढायला इमरानला बराच वेळ लागला. तो हात पुरता बाहेर येईपर्यंत दानिशनं फ्यूजवरची मूठ उघडली नाही.